चाळीस सेकंदांची मुभा

मी एक प्रोग्राम बोलतोय. दोनशे-सव्वादोनशे ओळींचा जीव माझा, पण काम जोखमीचं. माणसाचा श्वास दहा सेकंद थांबला, की मी बोंब ठोकतो.

मला लिहिलं ताईनं, तिच्या बाबांसाठी. झोपेत त्यांचा श्वास अडायचा. पंधरा सेकंदांच्या आत हलवून जागं करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. छातीवरचा पट्टा, जुना लॅपटॉप आणि मी, एवढाच आमचा संसार. पट्टा जरा सरकला तरी मी उगाच ओरडायचो. बाबा वैतागायचे, पण ताई दर वेळी धावत यायची.

मग तिच्या मनात आलं, हा सगळ्यांच्याच उपयोगी पडावा. मला इंटरनेटवर खुलं ठेवायचं ठरलं. तिथं परवाना निवडावा लागतो. परक्यांनी माझं काय करावं, काय करू नये, ते त्यात लिहिलेलं असतं. तिचा थोरला भाऊ याच धंद्यातला. तो म्हणाला, "जो बदल करेल त्यानं तो उघड दाखवायचा, अशी अट असलेला घे."

"दादा, चांगल्या कामाला कसल्या रे अटी? माझं नाव ठेवलं म्हणजे झालं," म्हणत तिनं यादीतला सगळ्यात आखूड परवाना घेतला. लांबलचक काही वाचायचा तिला भारी कंटाळा.

यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं मला उचललं. चोरी नव्हे हो, सगळं परवान्यात बसणारं. खोट्या गजराच्या तक्रारी फार येतात म्हणून त्यांनी माझ्या दहा सेकंदांचे चाळीस केले आणि मला एका बंद डबीत घातलं. बदल सांगायचं बंधनच नव्हतं, मग सांगतंय कोण?

परवा दुकानातून विकत आणलेली तीच डबी बाबांच्या उशाशी आली. ताईनं डबीच्या पडद्यावर माहितीचं पान उघडलं, तर तळाशी बारीक अक्षरात तिचं नाव. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, हे माझंच आहे हो. आता काळजी नाही."

तिनं जुना लॅपटॉप बंद करून कपाटात टाकला. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

आज दुपारी बाबा जेवून आडवे झालेत. कित्येक दिवसांची जागरणं झालेली ताई पलीकडच्या खोलीत दार लोटून गाढ झोपली आहे.

बाबांचा श्वास आत्ताच अडला. दहा झाले. अकरा. मला ओरडायचंय, पण चाळीसपर्यंत माझं तोंड बांधलेलं आहे. ताई, त्या नावावर विसंबू नकोस गं. ऊठ.

सतरा झाले.