धकाते आणि सन्स

माझे पणजोबा भंडाऱ्यात हातमागावर बसून सुताचा गुंता सोडवायचे. त्यांच्या मुलाने, म्हणजे भय्याजी धकाते यांनी, वकिली सुरू करून गुंता वाढवायचा धंदा काढला. तिथून आमची फर्म. पाटीवर ठसठशीत ‘धकाते आणि सन्स’, खाली भय्याजी, बाबा आणि मी. दोन पिढ्यांत अक्कल वाटून संपल्यावर जे उरलं, ते माझ्या वाट्याला आलं.

आमचं नाव होतं ते तारखा घेण्यात. भय्याजी उभे राहिले की न्यायाधीश आपणहून कॅलेंडर शोधत. सिहोऱ्याच्या दोन शेतांमधल्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, केस त्यांनी घेतली, बाबांनी जपली आणि मीही तिला निकालाची हवा लागू दिली नाही. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा अर्धे पक्षकार तिकडच्या कोर्टात गेले, पण सिहोरा भंडाऱ्यातच राहिलं. मी पेढे वाटले.

मग माझी मुलगी कीर्ती काळा कोट घालून आली. तिला पाटीवर नाव हवं होतं. आमच्याकडे पहिली केस जिंकल्याशिवाय नाव चढत नाही. मी तिला धुऱ्याची केस दिली. म्हटलं, आता निवांत.

आमचा पक्षकार परसराम आणि त्याचा विरोधक केवळराम दर तारखेला एकाच मोटरसायकलवर यायचे. हे मी वर्षानुवर्षं बघत होतो, पण डोक्यात काही शिरलं नाही. कीर्तीने दोघांना चहा पाजला आणि विचारलं, “एकाच गाडीवर येता, मंग भांडता कायले?”

परसराम म्हणाला, “वकीलसाहेब तारीख घेते, मंग यावंच लागते ना बाई.”

पुढच्या लोकअदालतीत तडजोड झाली. मी त्या दिवशी जेवलो नाही.

“तडजोड म्हणजे जिंकणं नाही,” मी कीर्तीला सुनावलं.

“बाबा, पाटीचं मले दिवाळीपर्यंत सांगा. नाही तं मी गोंदियाले चालली.”

मी दिवाळीत म्हणालो, संक्रांतीला बघू. संक्रांतीला म्हणालो, होळी होऊ दे. होळीआधीच तिने गोंदियाला ऑफिस थाटलं. जिल्हा फुटून पक्षकार गेले तेव्हा मी सरकारला शिव्या दिल्या होत्या. आता शिव्या द्यायला कोणीच नव्हतं. तिची रिकामी खुर्ची बघून मला रडू यायचं आणि मी पंख्याच्या धुळीवर खापर फोडायचो.

एक दिवस ते दोघे पुन्हा एकाच गाडीवर आले. कालव्याच्या पाण्यासाठी दोघांना मिळून दावा लावायचा होता. मी वकीलपत्र पुढे केलं.

“बाईले बोलवा,” केवळराम म्हणाला. “तुमच्यापाशी केस देली तं निकाल आमचे नातूच पाहतीन.”

बाई गोंदियाला आहे म्हटल्यावर त्यांनी गाडी तिकडे वळवली.

त्याच आठवड्यात मी रंगारी बोलावला. ‘सन्स’ खरवडून काढलं, तिथे ‘कीर्ती धकाते’ लिहून घेतलं आणि पाटी पोत्यात गुंडाळून गोंदियाच्या एसटीत चढलो. भय्याजी असते तर बेशुद्ध पडले असते.

कीर्तीने पाटी वाचली. मग शांतपणे म्हणाली, “बाबा, दिवाळीनंतर पाहू.”

आयुष्यात पहिल्यांदा मी तारखेला विरोध केला. “नको ना बेटा,” एवढंच तोंडातून निघालं.

तिने समोरची खुर्ची माझ्यासाठी ओढली. ती पक्षकाराची होती. मी बसलो.