न नासणारं दूध

सभागृहाच्या खिडकीत, भर उन्हात, एक काचेची बरणी ठेवली होती आणि बरणीत दूध होतं. पंधरवडा उलटला तरी ते नासलं नव्हतं. ते बघायला पेन्शनर आले होते, दुकानदार आले होते, शाळा बुडवून पोरं आली होती. मागचे माना उंचावत होते, आणि पुढच्यांना जे दिसत होतं ते पुढचे मागच्यांना दुप्पट करून सांगत होते.

बरणीशेजारी महाराज बसत. त्यांनी स्वतःला दिलेलं नाव लांबलचक होतं, पण लोकांच्या तोंडी बसलं ते ‘टिकाऊ महाराज’. रोज सकाळी ते डोळे मिटून बरणी दोन्ही हातांत घेत, मंत्र पुटपुटत ती गदागदा हलवत आणि पुन्हा खिडकीत ठेवत.

“फ्रीज म्हणजे काय?” ते विचारत. “लोखंडी कपाट. त्यात तुम्ही अन्नाचं चैतन्य गारठवता आणि मग विचारता, पोट का दुखतं. अहो, अन्न नासत नाही, माणसाची भावना नासते. भांड्याला हा लाल दोरा बांधा आणि निर्धास्त झोपा.”

दोरा फुकट होता. दक्षिणा मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर, आणि इच्छा होत नसेल तर ती होईपर्यंत दोन शिष्य दार अडवून उभे राहत.

या गर्दीत खाणावळवाले मामा रोज पहिल्या रांगेत. जेवायला येणारी झाडून सगळी माणसं त्यांना मामाच म्हणत. मामांचा हात सढळ, स्वभाव भोळा. त्यांचा फ्रीज म्हातारा झाला होता. रात्रभर कण्हायचा आणि वीज तरण्याताठ्यासारखी खायचा. महाराजांचं बोलणं मामांना म्हणूनच चटकन पटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फ्रीज भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला आणि स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पातेल्याच्या गळ्यात दोरा बांधला.

“झाऱ्यालाही बांधा,” मामी म्हणाल्या. “आणि एक माझ्या तोंडाला बांधा, म्हणजे मी काही बोलायला नको.”

“तुझी भावनाच शुद्ध नाही,” मामा म्हणाले.

“भावनेचं राहू द्या. सकाळचा भात संध्याकाळी वाढायचा नाही, एवढं माझ्या आईनं शिकवलंय.”

पण उन्हाळा होता, मोठं पातेलं होतं आणि दोऱ्यावर भरवसा होता. सकाळी रांधलेला भात दिवसभर ओट्यावर कोमट राहिला. संध्याकाळी मामांनी तो छान वाफवून गरमागरम वाढला. मामी त्या दिवशी बहिणीकडे गेल्या होत्या, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं. जेवणाऱ्यांनी मिटक्या मारल्या आणि आपापल्या घरी जाऊन उलट्या सुरू केल्या. तरणे होते ते निभावले. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा मात्र एकटे राहणारे, अंगानं काडीसारखे. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांना पाय टेकवत नव्हता आणि जीभ कोरडी ठाक पडली होती.

मामा हातातली कामं टाकून आधी महाराजांकडे धावले.

“गाठ कोणत्या हातानं मारलीस?” महाराजांनी विचारलं.

“आठवत नाही हो.”

“मग डाव्याच हातानं मारली असणार. तरी मी म्हणतो, दोरा कधी चुकत नाही. दुप्पट दोरे ने.”

मामा दोऱ्यांचं भेंडोळं खिशात घालून दवाखान्यात पोचले. तिथे त्यांची भाची डॉक्टर होती. आजोबांना सलाईन लावून ती बाहेर आली.

“मामा, भात कधीचा होता?”

“सकाळचा. पण चांगला कढत केला होता गं. जंतू असते तर मेले असते.”

“जंतू मेले असतील, पण त्यांनी दिवसभरात भातात सोडलेलं विष मरत नाही. कितीही तापवा, ते तसंच राहतं. चोर पकडला म्हणून खाल्लेला लाडू परत येतो का?”

मामांनी काचेतून आजोबांकडे पाहिलं. आजोबा अनेक वर्षं त्यांच्याकडे जेवत होते, आणि एकदाही ताटात काही टाकलं नव्हतं. काल तर भात मागून घेतला होता. मामांचा हात खिशातल्या भेंडोळ्याकडे गेला, पण ते काही टाकवेना.

“मग महाराजांचं दूध कसं नासत नाही?” त्यांनी विचारलं.

“चला, त्यालाच विचारू,” भाची म्हणाली. तिनं वाटेत एक लिंबू घेतलं.

सभागृह गच्च भरलं होतं. डॉक्टरबाई आल्याचं पाहून लोकांनी वाट दिली. ती नमस्कार करून म्हणाली, “महाराज, दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं. तुमचं फाटतं का, बघू?”

महाराज काही बोलायच्या आत तिनं बरणीतलं थोडं पेल्यात ओतलं आणि लिंबू पिळलं. दूध फाटलं नाही. उलट त्यातून बारीक बुडबुडे वर आले.

गर्दीतून जयजयकार उठला. “लिंबालाही दाद देत नाही,” एक पेन्शनर म्हणाले. “बुडबुडे पाहिलेत? चैतन्य उसळलं.”

मामांची छाती फुगली. भाचीचाच डाव भाचीवर उलटला होता. महाराजांनी तर खुशाल आशीर्वादाचा हात उचलला.

“पटलं मला,” भाची शांतपणे म्हणाली. “असं दूध कुठे मिळणार? महाराज, आता एक घोट घ्या.”

“आज आमचा उपवास आहे.”

“उपवासाला दूध चालतं की,” मागून एक आजी म्हणाल्या.

“निर्जळी उपवास आहे.”

“मघाशी चहा कोण पीत होतं मग?” एक पोरगं म्हणालं आणि लोक हसले.

“हे दूध आमच्यासाठी नाहीच,” महाराज घाईघाईनं म्हणाले. “हे भक्तांचं आहे.”

तेव्हा मामा पुढे झाले. आजोबांचा कोरडा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. दोरा खरा असेल तर चूक आपल्या गाठीची, आणि खोटा असेल तर तेही आजच कळू दे, असं त्यांना वाटलं. त्यांनी बरणीतून दुसरा पेला भरला आणि ओठांशी नेला. भाचीनं हात पुढे केला, पण तिच्याआधी महाराजच झेपावले आणि त्यांनी फटक्यासरशी पेला उडवला.

“पिऊ नका,” ते ओरडले. “मराल, आणि नसती आफत माझ्या गळ्यात येईल.”

“का?” मामांनी विचारलं. “चैतन्य आहे ना त्यात?”

महाराजांची नजर चोरून बैठकीमागच्या पडद्याकडे गेली. भाचीनं तो पडदा सरकवला. तिथे भिंतीला लावायच्या पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा होता. चमचाभर रंग बरणीभर पाण्यात, की झालं दूध. त्यात खडूची भुकटी असते, म्हणून लिंबानं बुडबुडे आले. रोज सकाळचा मंत्रही त्यासाठीच होता. बरणी हलवली नाही तर रंग तळाशी बसायचा.

“म्हणजे मामांना मामा बनवलं,” आजी म्हणाल्या.

“आपल्या सगळ्यांनाच,” मामा म्हणाले. लोक हसले, पण आपापल्या घरच्या पातेल्यांची आठवण होऊन अर्धं हसू घशातच अडकलं. महाराज मागच्या दारानं निघाले होते. तिथे उभ्या असलेल्या शिष्यांची त्यांना सोडायची इच्छा होईना, आणि पोलीस येईपर्यंत ती झाली नाही.

एका काकांनी भाचीला विचारलं, “म्हणजे श्रद्धा ठेवायचीच नाही का, डॉक्टर?”

“ठेवा की. पण श्रद्धा मनात ठेवा आणि भात फ्रीजमध्ये. फ्रीज नसेल तर संपेल एवढाच शिजवा. आणि हात धुवा, साबणानं. जंतूंना कान नसतात, काका. मंत्र त्यांना ऐकू येत नाही.”

आजोबा बरे झाले आणि काठी टेकत पुन्हा खाणावळीत आले. मामांनी ताट मांडलं. आजोबांनी भाताकडे पाहिलं आणि ओशाळत विचारलं, “रागावू नका, पण भात कधीचा आहे?”

मामा रागावले नाहीत. त्यांनी आजोबांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं. चुलीवरून नुकतंच उतरलेलं पातेलं दाखवलं, धुतलेले हात दाखवले आणि मामींनाही साक्षीला बोलावलं. आता तिथे प्रत्येक जण विचारतो आणि मामा प्रत्येकाला सांगतात.

तुम्हीही विचारत जा. खाणावळीत विचारा, लग्नाच्या पंगतीत विचारा, महाराजांच्या दरबारात तर आधी विचारा. जिथे विचारलेलं खपत नाही, तिथे जेवू नका आणि डोकंही टेकू नका.