खाडीत हलका झालेला गोटा

मी एक जुना दगडी गोटा आहे, मित्रांनो. वजन दोन मण, गुंजभरही कमी नाही. आगरदांड्याच्या धक्क्याजवळ तालमीच्या दाराशी माझा मुक्काम असतो. पाथरवटाने मला काळ्या कातळातून काढले, गोल घडवले, पण बोटे अडकतील अशी खाच काही ठेवली नाही. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढल्या वर्षी गावच्या पोरांनी मला वाजतगाजत इथे आणले. मला खांद्यावर घेईल त्याला गाव पैलवान म्हणे. बहुतेकांची मी गुडघ्यापाशीच जिरवत असे. खोटे कशाला सांगू, मला त्याचा फार गर्व होता.

भिकू हा होडीवरचा खलाशी. मला खांद्यावर घेणाऱ्या दोघा-तिघांपैकी तो एक. एका सकाळी अंग न तापवताच त्याने मला हिसका देऊन उचलले आणि पाठीत कळ येऊन तो आडवा झाला. पुढे त्याला जाळे ओढता येईना. होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, धर्माजी तोंडावर बोलला, "नारली पुनवंला गोटा खांद्यावं घे, मंग होडीवं ये. न्हाय तं सुकट राखत बस." भिकूला दर्याशिवाय दुसरे काहीच येत नव्हते.

त्याच सुमारास गावचाच चांगदेव मुंबईच्या गिरणीतून रजेवर आला. त्याने ताकदीच्या पुडीचा डबा आणला होता. डब्यावर दंड फुगवलेल्या पैलवानाचे चित्र होते.

"रोज दोन चमचे दुधात घे, नि बघ," तो म्हणाला.

भिकूने दोन महिने पूड खाल्ली आणि कसरतीला मात्र रजा दिली. ज्येष्ठात त्याने मला हात घातला. मी तसूभरही हललो नाही. सगळी तालीम हसली. मीही मनातल्या मनात हसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

भिकूची आई नीराबाई धक्क्यावर मासळी धूत होती. तिने त्याला जवळ बोलावले आणि भरलेली टोपली पाण्यात त्याच्या हाती दिली.

"पान्यात हलकी लागते, व्हय ना? बाहेर काडली का जड. गोटा पान्यात उचल आदी. मंग रोज एक पाऊल काठाकडं ये."

भिकूने मला गडगडवत खाडीत नेले. छातीभर पाण्यात माझा पाऊण मण भार खाडीनेच उचलला. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले! पण तो रोज येत राहिला. आधी अंग तापवायचे, मग मला हात. पाणी छातीवरून कमरेला आले, कमरेवरून गुडघ्याला. माझ्या पोटाला धारदार कवचांची बारीक कालवे चिकटली आणि त्यांनी त्याचे तळवे कापले. फडके गुंडाळून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पुडीचा डबा केव्हाच संपला होता. नीराबाई त्याला नाचणीची भाकरी आणि जवळा वाढत असे.

पुनवेला मी कोरड्या वाळूवर होतो आणि भोवती सारा गाव जमला होता. भिकूने मला गुडघ्यावर घेतले, मग छातीशी. तिथे तो अडला. मी माझ्या दोन मणांतले रतीभरही सोडले नाही, ते माझ्या हातात नव्हतेच. पण आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वर जायचे होते. आणि मी गेलो, थेट त्याच्या खांद्यावर.

धर्माजी एवढेच म्हणाला, "पहाटं ये. जालं चडवायचं हाय."

या गोष्टीला आता दहा-बारा वर्षे झाली. तालमीत लोखंडी डंबेल्स आली आणि माझ्यावर पोरे लंगोट वाळत घालतात. घालू देत. मला अधूनमधून धुऊन पुसून ठेवा, शेवाळ चढू देऊ नका. पण पोटावरची ती पांढरी कवचे खरवडू नका, मित्रांनो. आणि कुणाला मी उचलता आलो नाही, तर त्याला हसू नका. आम्हा दोघांना खाडीच्या पाण्यापर्यंत सोडा. पुढचे आम्ही बघून घेऊ.