शेजाऱ्यांचा विस्तव

लुईस बेटावर संध्याकाळचं धुकं इतकं खाली उतरलं होतं, की मेंढ्या जणू ढगातच चरत होत्या. म्हातारी मर्डिना दारात उभी राहून शेजारच्या पडक्या घराकडे बघत होती. कॅनडाहून आलेली लोर्ना तिथे शेवाळलेल्या चुलीच्या दगडावर हात ठेवून रडत होती. तिच्या खापरपणज्याला जमीनदाराने याच घरातून हुसकावलं होतं.

“गार दगडाला काय कवटाळतेस गं?” मर्डिना ओरडली. “आत ये, चहा ओतलाय.”

आत चुलीत दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या विटा धुमसत होत्या. निळसर धूर छताशी तरंगत होता.

“सगळं विझून गेलं, आजी,” लोर्ना म्हणाली.

“कुणी सांगितलं विझलं म्हणून? बोटीत चढण्याआधी तुझ्या खापरपणजीने आपले निखारे आमच्या चुलीत आणून ठेवले. म्हणाली, परत येईपर्यंत सांभाळा. तेव्हापासून ही चूल विझलेली नाही. संध्याकाळी विस्तव राखेखाली झाकायचा, सकाळी फुंकायचा.”

लोर्ना बघत राहिली. राखेखाली कुणीतरी झोपेत श्वास घेत असावं, तसा विस्तव मंद होत होता, पुन्हा उजळत होता.

“यातला आमचा कुठला?”

“आता काय वाटणी करतेस?” मर्डिनाने तिच्या हातात चिमटा दिला. “माझ्या पणजीने झाकला, आजीने झाकला, आईने झाकला. माझे तर आता गुडघे वाकत नाहीत. बस खाली, आज तू झाक. तुमच्या घरचं काम किती पिढ्या आम्हीच करायचं?”