पट्ट्यावरची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. जळगावातल्या एका डाळमिलमध्ये मोटारीचा पट्टा पुलीवरून गरगर फिरतो, त्यावर झाकण म्हणून मी बसते. माझ्याकडे कोणी मुद्दाम बघत नाही. लोक बघतात ती डाळ.

मला नूर महंमदने घडवलं. तो मेहरूणचा, मिलमधला सगळ्यांत जुना फिटर. भंगारातल्या पट्ट्या कापून, जोडून, कडा कानशीने घासून त्याने मला तयार केलं, पिवळा रंग दिला आणि चार बोल्टांनी बसवलं. मग आपला पंजा माझ्यावर दाबून बघितला. बोटं आत जात नाहीत, याची खात्री झाली तेव्हा कुठे त्याने मोटार चालू केली.

त्या मशीनवर बेबाबाई कामाला होती. तिचं माहेर धुळ्याकडचं, बोलणंही तिकडचंच. एकदा तिचा पदर उडून माझ्यात अडकला आणि ओढताना टरकन फाटला. नवं लुगडं होतं. तिने मला दोन शिव्या हासडल्या, मग तिची नजर आतल्या फिरत्या पट्ट्यावर गेली. फाटका पदर कमरेला खोचत म्हणाली, "लुगडं फाटनं ते फाटनं, जीव ते वाचना." म्हणजे लुगडं गेलं, पण जीव तर वाचला. त्या दसऱ्याला तिने मशीनआधी मला झेंडूचं फूल वाहिलं. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे मिलमध्ये प्रेमराज नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांना बसलेलं माणूस खपत नसे. मोरीकडे जायचं तरी बायकांनी त्यांच्या केबिनच्या दारात उभं राहून विचारायचं, आणि ते फोनवर असले तर फोन संपेपर्यंत ताटकळायचं. नूर महंमदला ते सगळ्यांदेखत "ए म्हाताऱ्या" म्हणत. तो ऐकून घेई आणि पाना उचलून पुढच्या मशीनकडे जाई.

माझ्याखाली कधी कधी डाळीचा भुसा अडकतो. मग मोटार बंद करायची, चार बोल्ट काढायचे, भुसा काढायचा, पुन्हा मला बसवायचं. त्यात दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं प्रेमराजांच्या डोळ्यांत सलायला लागली.

एके सकाळी ते नूर महंमदला म्हणाले, "ही जाळी काढून टाक."

"साहेब, कुणाचा तरी हात जाईल."

"तुझा तर नाही ना जात? काढ. नाहीतर उद्यापासून गेटच्या आत येऊ नको."

नूर महंमदने पाना हातात घेतला. घरी त्याची मुलगी मिसबाह कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. अखेर तो खाली बसला. ज्या हातांनी मला बसवलं, त्याच हातांनी त्याने माझे बोल्ट सोडले. मला भिंतीशी टेकवताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

भिंतीशी मी चार महिने होते. समोर पट्टा उघडा फिरत होता.

वैशाखातल्या एका दुपारी पुलीपाशी भुसा अडकला. बेबाबाईने मोटार बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात केबिनमधून आवाज आला, "बंद करायचं नाही. चालू मशीनमध्येच काढ." तिने तसंच केलं. पुढचं मी फार सांगणार नाही. नूर महंमदने धावत येऊन बटण दाबलं, तोवर तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती.

तिला घेऊन रिक्षा गेटबाहेर पडते न पडते तोच प्रेमराजांनी मला धुवून जागेवर लावायला सांगितलं. मग सगळ्यांना गोळा करून बजावलं, "उद्या तपासणीला सरकारी बाई येतील. बेबाबाईने घाईत स्वतःच जाळी काढली, एवढंच बोलायचं."

दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. त्यांनी मला हलवून बघितलं आणि विचारलं, "ही कुणी काढली होती?"

प्रेमराज मागेच उभे होते. कामगार खाली बघत होते. नूर महंमद पुढे आला.

"मी काढली. साहेबांनी सांगितलं म्हणून. पण पाना माझ्या हातात होता, तेही लिहा."

प्रेमराज म्हणाले, "म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही."

नूर महंमदने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "काल दवाखान्यात गेलो होतो," तो बाईंना म्हणाला. "तिच्या कानावर गेलंय की दोष तिच्यावर येणार. मला म्हणाली, 'भाऊ, मी नही काढी. तुले माहीत शे.' मला माहीत आहे, बाई. म्हणून सांगतो."

मग मागून एक कामगार बाई म्हणाली, "मशीन बंद करू नको, असं साहेबच ओरडले. मी ऐकलं." तिच्यामागून आणखी दोघी बोलल्या.

मित्रांनो, इथे सगळं नीट झालं असं सांगायला मला आवडलं असतं. चौकशी अजून चालूच आहे. नूर महंमदला गेटवरच अडवलं, तो पुन्हा आत आला नाही. बेबाबाई आता डाव्या हाताने भाकरी थापायला शिकते आहे, असं बायका बोलतात. आणि प्रेमराज? त्यांना मालकांनी धुळ्याच्या मिलमध्ये पाठवलं, त्याच हुद्द्यावर.

तिथेही पट्टे असतील, आणि त्यांवर माझ्यासारखी एखादी जाळी असेल. ती आज जागेवर आहे का, मला ठाऊक नाही. तुमच्या घरातलं कुणी तिथे कामाला जात असेल, तर त्याला माझा निरोप द्या. साहेब कितीही ओरडो, आधी मोटार बंद कर, मगच हात घाल. आणि कुणी जाळी काढायला सांगितली, तर एकट्याने 'नाही' म्हणू नका. चौघे मिळून म्हणा. नूर महंमद त्या सकाळी एकटाच होता.