रुमालाची आई कोण?

दोघी बहिणींतल्या धाकटीचं लग्न ठरलं, त्या वर्षीची गोष्ट. इस्पितळाच्या धुलाईघरामागे, पत्र्याच्या शेडखाली, जेवणाच्या सुट्टीत ही झुंबड उडाली होती. टबांवरून उठलेल्या बायका ओले हात झटकत रांगेत पुढे सरकत होत्या. समोर खुर्चीवर ‘वंशगुरू’.

“रक्त लपत नाही, बाई. टेकव अंगठा.” ते पिवळ्या कागदाची पट्टी पुढे करत. अंगठा टेकला की पट्टी लालभडक. “बघ, सात पिढ्यांचं भय. आईकडून तुला, तुझ्याकडून लेकराला. ही पुडी घे. डॉक्टरच्या गोळ्या बंद, त्या भयाला खतपाणी घालतात.”

आई दार वाजलं तरी दचकायची. धाकटीही तशीच; चार माणसांत तिची छाती धडधडायची. दोघी टबावर कामाला, दोघींच्या पट्ट्या लाल. आईने रक्तदाबाच्या चालू गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. घरी येऊन धाकटी म्हणाली, “ताई, लग्नाला नाही म्हणून कळव. हे पोराच्या अंगात कशाला घालू?”

थोरलीचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तिनेही अंगठा टेकवला. पट्टी पिवळीच राहिली.

“ही बापावर गेली,” गुरू म्हणाले.

“बाप पाल दिसली की खाटेवर चढायचा.”

बायका हसल्या. गुरू हसले नाहीत.

थोरली इस्त्रीवर होती, तिचे हात कोरडे. तिने रांग न्याहाळली. इस्त्रीवाल्या पिवळ्या, मुकादम पिवळा, चौकीदार पिवळा. लाल फक्त टबवाल्या. ती आत गेली, सोड्याच्या टबात रुमाल बुडवून पिळला आणि परत येऊन गुरूंच्या पट्टीवर दाबला. पट्टी लाल.

“गुरुजी, या रुमालाला सात पिढ्यांचं भय आहे. याची आई कोण, तेवढं सांगा.”

मग धाकटीचे हात नळाखाली स्वच्छ धुऊन, कोरडे करून तिने नवी पट्टी लावायला लावली. पिवळी.

“अगं, हळदीचा कागद आहे हा. चादरीवरचा हळदीचा डाग सोड्यात लाल होतो, हे आपल्याला कोणी शिकवायचं? रोज बघतो ना आपण?”

“अश्रद्धेचा हात लागला, कागद बाटला,” म्हणत गुरूंनी पिशवी उचलली. निम्म्या बायका माफी मागत त्यांच्या मागे धावल्या. थोरली हातात ओला रुमाल घेऊन उभी राहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

धाकटीला मात्र तिने डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्या म्हणाल्या, “घाबरा स्वभाव थोडाफार वंशातून येतो, ते खरं आहे. पण त्याचं एकच बी नसतं. शेकडो बारीकसारीक गोष्टी मिळून कल देतात. बाकीचं घर, कामं, सोसलेले दिवस घडवतात. कल म्हणजे निकाल नव्हे. आणि धडधडीवर उपचार आहेत.” धाकटीने उपचार घेतले, आणि लग्नही केलं.

आई म्हणाली, “तुझा रुमाल तुझ्यापाशी. गुरूंनी माझ्या मनातलं ओळखलं.” रक्तदाबाच्या गोळ्यांना तिने पुन्हा हात लावला नाही. थोरली रोज ओरडली, रोज हरली.

वाचणाऱ्यांनो, आईबापांकडून नाक येतं तसा स्वभावही थोडा येतो. त्यात शाप नाही. कोणी तुमचं रक्त कागदावर वाचू लागला, तर आधी हात धुवा, मग कागद कशाचा ते विचारा. आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

धाकटीच्या लग्नानंतर अकराव्या दिवशी, सकाळी, मेंदूत रक्तस्राव होऊन आई वारली.