गवतावर टेकलेला बूट

मित्रांनो, मी एक जुनी अमेरिकी मोटार आहे, दोन दारांची आणि लहानखुरी. लहानखुरी अर्थातच आमच्या देशाच्या मापाने. बेताच्या मिळकतीच्या घरांना परवडावी, पेट्रोल कमी लागावे, एवढ्यासाठीच साठच्या दशकात मिशिगनमधल्या एका कारखान्यात मला घडवले. माझ्याकडे कोणी मान वळवून पाहावे, अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

मिल्टन ग्रबरने मला घेतले तेव्हा तो तरुण होता. ओहायोत, ईरी सरोवराच्या काठच्या गावात तो छापखान्यात कामाला होता. त्याची बायको आर्डिथ बालवाडीत शिकवायची. ऊन असो की बर्फ, मी दोघांना कामावर सोडले, बाळंतपणासाठी आर्डिथला दवाखान्यात नेले. मग घरात मोठी गाडी आली आणि मी गॅरेजात नाताळच्या सजावटीच्या खोक्यांमागे पडून राहिले. कितीतरी वर्षे माझे दारसुद्धा कोणी उघडले नाही.

निवृत्त झाल्यावर मिल्टनने मला बाहेर काढले आणि सावकाश बदलायला घेतले. माझा मूळचा पिस्ता रंगच त्याने नव्याने दिला. माझी उंची दोन बोटे कमी केली, चाके जराशी रुंद केली, दारांवरच्या चकचकीत पट्ट्या काढल्या. आसनांना तपकिरी चामडे चढवले. नवे इंजिन खालच्या आवाजात घुमायचे. कुठेही भडकपणा नव्हता. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक माझ्यापाशी रेंगाळू लागले. एक गृहस्थ म्हणाले की हिच्यात काय बदललेय ते नेमके सांगता येत नाही, पण नजर हलत नाही. मिल्टन ते वाक्य आठवडाभर भेटेल त्याला ऐकवत होता.

आर्डिथ म्हणायची, "आपल्या लग्नाच्या फोटोला एकदा तरी इतकं पुसलं असतंस!"

मित्रांनो, लोकांनी केलेले ते सगळे कौतुक मीही खरे मानले.

मग तो रविवार आला. चर्चच्या हिरवळीवर मेळावा होता. माझ्याभोवती गर्दी होती आणि मिल्टन बोलण्यात रंगला होता. ऊन लागले म्हणून आर्डिथ माझ्यात येऊन बसली. तिने पाय टेकवला, कर्रकन आवाज झाला, आणि पायाखालचा गालिचा फाटून तिचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला.

ती ओरडली नाही. खाली बघत तिने हाक मारली, "मिल्टन, मी गाडीत बसलेय आणि माझा बूट गवतावर टेकलाय."

मिल्टनने तिचा पाय जपून सोडवला आणि गालिचा उचलला. खाली पत्रा उरलाच नव्हता. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने मला खालून खाऊन टाकले होते आणि मिल्टनने जुना गालिचा न काढता त्यावरच नवा अंथरला होता. त्याने आसन हलवून पाहिले, तर बोल्ट गंजाच्या तांबड्या भुग्यासकट त्याच्या हातात आला. आदल्याच दिवशी हमरस्त्यावर भरधाव जाताना आर्डिथ त्याच आसनावर बसली होती. मिल्टन तो बोल्ट हातात धरून गवतावर बसला. आणि मी? मला वाटत होते, मी धडधाकट आहे.

हिला भंगारात द्यायची, असे त्याने घरी जाहीर केले. त्याची बहीण लोरेना बसच्या डेपोत वेल्डिंग करून निवृत्त झालेली. ती माझ्याखाली पाठीवर सरकत गेली आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, "गाडी वाचेल. तुझी मिजास तेवढी गेलीय, तिला भंगारात टाक."

हिवाळाभर बहीणभाऊ माझ्यावर राबले. सडलेला तळ त्यांनी कापून काढला, तेव्हा मला माझ्याच पोटातून जमीन दिसली. तो धसका अजून गेलेला नाही. मग नवा पत्रा बसला, खालून पोलादी आधार आला, ब्रेक आणि आसनांचे सुरक्षा-पट्टे नवे झाले. यातले काहीच बाहेरून दिसत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मिल्टन एकटाच मला मेळाव्याला नेऊ लागला. माझ्याखाली तो एक मोठा आरसा ठेवतो. लोक रंगाचे कौतुक करतात, मग वाकून आरशात पाहतात. तो आर्डिथच्या पायाची हकिकत सांगतो, तेव्हा काहीजण गुपचूप आपल्या गाडीकडे वळतात.

उन्हाळा सरत आला, तेव्हा आर्डिथ आली. तिने दार उघडले आणि टाचेने माझा तळ जोरात ठोकून पाहिला. मग पुन्हा ठोकला. मिल्टन दार धरून उभा होता.

"भीती गेली?" त्याने विचारले.

"नाही. तू आता खाली बघतोस, म्हणून बसतेय."

मित्रांनो, आम्हाला जरूर पुसा, नटवा, मिरवा. पण अधूनमधून गुडघे टेकून खालीही बघा. रंगाकडे सगळा गाव बघतो. आपल्या माणसाचे पाय मात्र तळावर असतात.